वाळवंटात वाळत घातलेलं लुगडं

वेलिंग्टन, मार्च २००७

श्रीमान काशिनाथभावजी यांना द्वारकावहिनीचा आशीर्वाद. तुमचा गुडघा चालता असेल. तोंड तर चालतंच असेल, म्हणून त्याची चौकशी करत नाही. जाऊबाईंना विचारलं म्हणून सांगा. मी ठणठणीत आहे. अक्षराला हसू नका, दुसरीपर्यंत शिकलेली बाई याहून काय लिहिणार.

लिहायचं कारण, तुम्ही माझ्या मुलाला, गुरूला, परस्पर कळवलंत की वहिनींचं वय झालं, त्यांना तिकडेच ठेवून घे. तेव्हापासून इथे कायम राहायचा फॉर्म टेबलावर पडलाय. सही करा असं तोंडाने कुणी म्हणत नाही, नुसते गोड वागतात. सून नीता शेजारच्या पोरिरुआ गावी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते, तरी घरी येऊन मलाच विचारते, आई, दमलात का. पाच महिन्यांत सुनेने सासूला एक शब्द वाकडा बोलू नये, हे काही चांगलं लक्षण नव्हे. (पाहुण्याशी असं वागतात.) मी ठरवलं, सही करायची नाही, चौदा एप्रिलच्या विमानाने निघायचं आणि फलटणला आपल्या घरात पाय ठेवायचा.

तर हा गोडवा वाढत वाढत हॉटेलापर्यंत गेला. गुरू म्हणाला, आई, तीन दिवस वाळवंटात जाऊ. वाळवंट म्हणजे ऊन, म्हणून मी सुती लुगडी घेतली. चार तास मोटारीत बसून पोचलो तर समोर डोक्यावर बर्फ घेतलेला डोंगर, खाली काळी वाळू, गवताचे झुपके, आणि वारा असा की पदर एका गावाला, मी दुसऱ्या. त्या उजाड रानात ते एकच हॉटेल. माणूस दिसू नये म्हणून लोक तिथे येतात म्हणे. (तुमच्या शेजारी चाळीस वर्षं काढल्यावर मला ते थोडं पटलं.) न्हाणीघरातल्या टबात आपली म्हैस बसली असती. जेवणाच्या ताटात मधोमध तीन गाजरं आणि बाकी नुसती चिनीमाती.

दुसऱ्या दिवशी मी टबात माझं लाल लुगडं धुतलं. (विधवेने लाल नेसू नये म्हणणारे सगळे तिकडे राहिले, त्यात तुम्ही एक.) कपडे हॉटेलवाले धुतात, पण अंगावरचं लुगडं परक्याच्या हाती द्यायची मला सवय नाही. वाळत घालायला दोरी कुठेच नाही. चालत चालत तारेच्या कुंपणापाशी गेले, तर तिथे एक उंच खांब, त्याला दोरी, वर कप्पी. विहिरीवर जन्म गेला, मला कप्पी कोण शिकवणार? टोक बांधलं, खेचलं, नऊ वार वर. काय फडफडलं सांगू.

मला काय ठाऊक, कुंपणापलीकडे सैन्याचं सरावाचं रान आहे आणि त्या खांबावर लाल निशाण चढलं म्हणजे गोळीबार सुरू, कुणी बाहेर पडायचं नाही. डोंगराकडे निघालेले पाहुणे बूट घालून दारातच बसले. नात सिद्धी, सहा वर्षांची, तिला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं, ती धावत आली आणि लढाई लागली म्हणाली. फोन झाले. सैन्यवाले म्हणाले, आज आमची सुट्टी आहे. दोन वाजता मॅनेजरबाईने लुगडं घडी करून ट्रेमधून आणलं, नो वरीज म्हणाली आणि हसली. तीसुद्धा रागावली नाही.

मग नीताने दार लावलं. "आई, दोरी दिसली की तुमचा हात शिवशिवतो का? त्यांच्याकडे धुवायला द्यायला काय झालं होतं?"

"माझं लुगडं परक्याने धुवायचं?"

"मग पाच महिने मी धुतेय ते?"

"तू परकी आहेस का?"

 हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. मग ती पुन्हा सुटली. फॉर्म तिनेच आणला होता, तुमचं पत्र यायच्या आधी. म्हणाली, तुमचं वय झालं म्हणून नाही आणलेला, तुम्ही गेलात की मला उशीर का झाला असं विचारणारं घरात कुणी उरत नाही. मी म्हटलं, मग हे पाच महिने का नाही बोललीस? ती म्हणाली, तुमची भीती वाटते. तासभर कडकडून भांडलो. गुरू तेवढा वेळ न्हाणीघरात होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला सपाटून भूक लागली.

तरी सही केलेली नाही. माझा निश्चय तुम्हाला ठाऊक आहे. घर झाडून ठेवा.

आपली,
द्वारकावहिनी

ता. क. पत्र पाकिटात घालायला आठवडा लागला. एप्रिलात मला घ्यायला स्टँडवर येऊ नका. सही केली. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, हे गावभर सांगा. दिवाळीला येऊन घर बघणार आहे, तोवर माझ्या ओसरीवर तुमची पोती रचू नका.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. फॉर्मबरोबर माझा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली आहे. रजिस्टरने पाठवा. त्यावरची जन्मतारीख वाचू नका. वाचणारच तुम्ही, तर वाचून गप्प बसा. गुरूला पासपोर्टाच्या वेळी कळलं, तो गप्प आहे. तुमचे दादा माझ्याहून दोन वर्षांनी लहान होते. लग्नात माझ्या वडिलांनी वय चोरलं, आणि दादा शेवटपर्यंत मला म्हणत राहिले, तू लहान आहेस, तुला कळत नाही. लहान मुलाच्या तोंडी काय लागायचं, म्हणून मी ऐकून घेतलं.