भावकीचं पीठ

मु. आंबेवाडी, मोहोपाड्याजवळ
१४ जानेवारी २०२५

ती. सौ. आनंदीआत्यास,
हर्षलाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. तो आधी खा आणि मग पुढचं वाच, कारण वाचून तुझं तोंड कडू होणार आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आतोबा आपल्या मनाने भरून सांगतात. म्हणून लिहिते.

आत्या, मी कंपनीत राजीनामा दिला.

ओरडू नकोस. अकरा वर्षं पॅकिंगमध्ये काढली. माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी खाऊन एका बाईंनी घरच्या कार्याला भाकऱ्या मागवल्या, तिथून कर्जतकडच्या फार्महाऊसवाल्या विपुलपर्यंत नाव गेलं, आणि आता दर शनिवार-रविवारी त्याची मागणी असते. शिफ्ट संपवून घरी यायचं आणि तवा ठेवायचा. गेल्या महिन्यात पॅकिंगच्या टेबलावरच माझा डोळा लागला. दोन्हीतलं एक सोडायचं होतं. कुठलं सोडलं तर मला वाईट वाटेल, असा विचार केला, आणि उत्तर ऐकून माझी मीच घाबरले.

राजेशने, म्हणजे तुझ्या जावयाने, खोपोलीला कामावर जाता जाता एवढंच विचारलं, की नीट विचार केलास ना. सासूबाई दुसऱ्या दिवशी मोठी परात माळ्यावरून काढून घासत बसल्या होत्या. कंपनीतले साहेब चांगले. त्यांनी राजीनाम्याचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवलाय. मे अखेरपर्यंत बिनपगारी रजा समज, मन बदललं तर परत ये, असं म्हणाले.

बाबांची जमीन कंपनीत गेली, तिच्या बदल्यात ही नोकरी मिळाली, हे मी विसरलेले नाही. तुला सांगायला म्हणून तर इतके दिवस लागले.

रागाव, पण उत्तर पाठव. तुझी नात आरोही तुझ्याकडच्या बोरांची वाट बघते आहे.

तुझी,
हर्षला


मु. बोरपाडा, ता. कर्जत
२७ जानेवारी

चि. सौ. हर्षलास,
आत्याचे अ. उ. आ.

तिळगूळ खाल्ला. गोड बोलायचं मात्र जमनार नाय.

तुझी नोकरी तुझ्या एकटीची नाय गं. गेटातनं आत शिरलीस की डाव्या हाताला जिथं गाड्या उभ्या ऱ्हातात, तिथं आमचं भाताचं मोठं खाचर होतं. लग्नाआदी त्यात मी लावनी केलीय. ते गेलं आनि तुझ्या बापाच्या हातात एक कागद आला. त्या कागदाची नोकरी व्हायला त्याने किती चपला झिजवल्या ते मी बगितलंय. तो हयात असता तर त्याला हे सांगायची तुझी छाती झाली असती काय?

आनि दुसरं. आपल्यात भाकरी विकत नाय. लग्नघराचं पीठ भावकीत घरोघर जातं, बाया भाकऱ्या भाजून टोपलीत आनून देतात, कोन कोनाला पैसा मागत नाय. दारात आलेल्याला भाकरी द्यायची, येवढंच आमाला ठावं. भाकरीसाठी पैसा घेताना हात पुढं होतो कसा गं तुझा?

आतोबा बोलतात, पोरीला लय लागेल असं लिवू नको. मी बोलली, लागू दे. बोरं धाडलीत, ती आरोहीची हायत, तुझी नाय.

रागातसुद्धा तुझीच,
आत्या


आंबेवाडी
२ मार्च

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी तुझ्या बोरांतली निम्मी मीच खाल्ली, आरोहीला सांगू नकोस.

बाबांबद्दल लिहिलंस ते खरं आहे. भाकरीचं मात्र ऐक. काम एकटीने होईना, तेव्हा सासूबाईंनीच सुचवलं की लग्नघर करतं तसं कर. म्हणून आता मी भावकीतल्या घरांत पीठ वाटते. दुपार कलली की फडक्यात गुंडाळलेल्या गरम भाकऱ्या टोपल्यांतून येतात. फरक इतकाच की मी हातावर पैसे ठेवते. पहिल्या वेळी एकीनेही घेतले नाहीत, तू म्हणालीस तशाच सगळ्या मागे सरल्या. तेव्हा भावकीतले सगळ्यांत वडीलधारे गोमाकाका ओटीवरून ओरडले, की चटके काय फुकट बसतात काय गं तुमाला, घ्या गुमान. मग घेतले.

त्यांनी मला एकच बजावलं, पीठ भावकीबाहेर द्यायचं नाही. आपल्या माणसांना हक्काने बोलता येतं, वेळेला कुणी मागे हटत नाही. मलाही पटलं.

आता मुख्य. ११ मे रोजी विपुलच्या फार्महाऊसवर मुंबईच्या एका घरची हळद आहे. आजवरची सगळ्यांत मोठी मागणी आहे. ती नीट पार पडली तर पुढच्या मोसमातली सगळी कार्यं तो मला देणार आहे. मग मी साहेबांकडे जाऊन कागद पक्का करा म्हणून सांगेन. फसली तर मे अखेरीला गपचूप गेटावर जाऊन उभी राहीन आणि परत भाकरीचं नाव काढणार नाही. हे मी राजेशला सांगितलंय, तुलाही सांगते.

आतोबांना नमस्कार. कानाचं यंत्र डब्यात ठेवायला घेतलेलं नाही, हे तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगते.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस,
हर्षला


बोरपाडा
१९ एप्रिल

चि. सौ. हर्षलास,
अ. उ. आ.

इकडं सगळी खुशाल. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला. आंबा औंदा कमीच हाय. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, मी काय कुकर हाय?

भाकरीबद्दल मी कायबी लिवनार नाय. तरी पन विचारते, तांदूळ कुठला घेतेस? नव्याची उकड चिकटते नि भाकरी तव्यावर रुसते. जुना घ्यायचा. आनि उकडीचं पानी खळखळ उकळलेलं पायजे, कोमट नाय. तुला लहानपनी हेच सांगून माझं तोंड दुखलं. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्याकडं दोन वर्षं होतीस, तेव्हा तुझी पयली भाकरी आतोबांनी चावून चावून खाल्ली नि चांगली झाली बोलले. खोटं बोलले.

मला पटलेलं नाय, हे ध्यानात ठेव.

आत्या


आंबेवाडी
९ मे, सकाळ

ती. सौ. आत्यास,

सुतक आहे, म्हणून नमस्कार लिहीत नाही. हे पत्र घेऊन राजेश येतो आहे. तो अंगणातच उभा राहील, घरात बोलावू नकोस.

काल संध्याकाळी गोमाकाका गेले. चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत. ज्या माणसाने माझ्या कामाला तोंड फोडलं तोच गेला.

आणि आता बघ काय झालंय. मी पीठ फक्त भावकीत वाटलं होतं. भावकी एक, म्हणून सुतकही एकच. एकूण एक घराला लागलं, माझ्यासकट. परवा हळद आहे आणि माझ्या कामाची एकही चूल शुभकार्याला चालणारी नाही. पिठाची पोती ओटीवर तशीच पडून आहेत. इतका साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही, सासूबाईंच्या नाही आणि गोमाकाकांच्याही नाही. लग्नघराला भावकीच लागते, एवढंच आम्हाला ठाऊक, म्हणून आम्ही सगळे तिथेच चुकलो.

एक जण म्हणाला, मुंबईच्या माणसांना कोण सांगायला जातंय. त्यांना नाही कळणार, पण मला कळेल ना? कुणाच्या पोरीला हळद लागत असताना तिच्या पाहुण्यांना सुतकातलं वाढायचं, हे माझ्याने होणार नाही. बायकाही नाहीच म्हणाल्या. पेठेतून कुठून तरी भाकऱ्या उचलून माझ्या नावावर द्यायच्या, तेही मला नको.

राजेश पुढे विपुलकडे जाऊन नाही म्हणून सांगणार आहे. तुझं गाव वाटेवर, म्हणून हे पत्र. मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुला भाकरी विकणं पटत नाही, हे माझ्या ध्यानात आहे. पण बाबा नाहीत, मग मी रडू कुणाजवळ? कंपनीचा युनिफॉर्म धुवून वाळत घातलाय.

हर्षला


बोरपाडा
९ मे, दुपार

हर्षे,

राजेशला विपुलकडं जाऊ दिला नाय. अंगनातच बसवला, चहा दिला नि हे लिवून त्याच्या हाती देते हाय.

रडनं पुरे. माझं लग्न होऊन मी या घरची झाली, तुझ्या सासरची भावकी मला लागत नाय. माझी चूल मोकळी हाय. शेजारच्या चिमाला नि बुधीला हाक मारलीय, त्या बाकीच्यांना सांगतील.

तुझं पीठ धाडू नको. सुतकाच्या ओटीवरचं पीठ हळदीला नेतात काय? माझी कणगी हाय, जुना तांदूळ हाय. आतोबा गिरनीवर निघाले, पायात चप्पल उलटी घालून.

गावातल्या गजाचा टेंपो सांगितलाय, तो इथून थेट फार्महाऊसला जाईल. तू यायचं नाय, राजेशने पन यायचं नाय, कशाला हात लावायचा नाय. तू घरात बस नि गोमाकाकासाठी रड. मानूस चांगला होता.

युनिफॉर्म दोरीवरनं काढ.

आत्या


आंबेवाडी
२४ मे

ती. सौ. आनंदीआत्यास,
आता सुतक फिटलं. आधीचे राहिलेले आणि आजचा, असे सगळे शि. सा. न. एकदम घे. वि. वि.

काल विपुल स्वतः घरी आला होता. हळदीच्या पंगतीत जुनी माणसं भाकरी नुसतीच, कालवणाला न लावता खात होती म्हणे. हा तांदूळ कुठला, असं चार जणांनी विचारलं. माझ्या भाकऱ्यांबद्दल असं कधी कुणी विचारलेलं नाही, तेव्हा मान तुझाच. पुढच्या मोसमाचं काम त्याने दिलं. मी आधी त्याला खरं काय घडलं ते सांगितलं, तो म्हणाला, मग आता दोन गावांत चुली ठेवा. मीही तेच ठरवलंय.

राजेशबरोबर पैसे पाठवते आहे, चिमाताई, बुधीताई आणि बाकी सगळ्यांचे. त्यात एक पुडी तुझी आहे. परत पाठवलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

आत्या, मे संपत आला. मी विपुलला हो म्हटलंय, पण साहेबांकडे अजून गेलेले नाही. पाय उचलत नाही. तू त्या दिवशी माझी अब्रू राखलीस, पण मला पटलेलं नाय असंही तूच लिहिलं होतंस. बाबांच्या जागी मला आता तूच. तू अजूनही नाही म्हणालीस, तर विपुलची माफी मागेन आणि कंपनीत जाईन. कुरकुर न करता जाईन. आणि तो तांदूळ खरंच कुठला गं?

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
हर्षला


बोरपाडा
२८ मे

चि. सौ. हर्षलास,
आत्याचे अ. उ. आ., आनि थोडे वरती.

आदी माझी लबाडी ऐक. बायांना मी सांगितलं, माझ्या भाचीकडं हळद हाय. खोटं कुठं, हळद होतीच की. सगळ्या अंगोळी करून आल्या. परातीला हळदकुंकू लावलं, गानी सुरू झाली. निम्म्या भाकऱ्या झाल्यावर बुधीने विचारलं, नवरी कोन? माझी पंचाईत झाली. मंग सांगितलं सगळं, पैशाचं काम हाय ते पन. मला वाटलं, आता उठतील नि जातील. चिमा बोलली, आनंदीबाय, हे आदी सांगितलं असतं तर मी सुनेला पन आनली असती.

तुझे पैसे वाटले. बुधी घेताना लाजली, चिमा नाय लाजली. माझी पुडी दोन दिस देवाजवळ ठेवली होती, हात लावायला मन होईना. हर्षे, या हातांनी लावनी केली, भारे वाहिले, लग्नांच्या भाकऱ्या भाजल्या. कोनी त्याचा पैसा माझ्या हातावर ठेवला नाय नि मी कदी मागितला नाय. तिसऱ्या दिशी पुडी उघडली. जरा रडली. मंग आतोबांना नवी चप्पल घेतली, त्यांना उलट-सुलट कळेल अशी.

तुला मी विचारलं होतं, हात पुढं होतो कसा. माझा झाला, आता काय बोलू.

तांदळाचं विचारतेस. खाचर कंपनीत गेलं त्या साली तुझा बाप पावसाआदी माझ्याकडं आला होता. फडक्यात बी बांधून आनलं होतं. बोलला, आनंदे, जमीन नाय राहिली, येवढं तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. तेवापासून विहिरीजवळच्या तुकड्यात दरसाल लावते. घरचंच खातो, विकत नाय, म्हनून कोनाला बोलली नाय. त्या हळदीत जी भाकरी खाल्ली ती तुझ्या बापाच्या खाचराची होती. औंदा आतोबा बोलतात, इथल्या आपल्या मोठ्या खाचरात तेच लावू.

तेवा कंपनीत जा. साहेबाला बोल, तुमी भले मानूस, पन तो कागद आता पक्का करा. परत येताना गेटाजवळ डाव्या हाताला घटकाभर उभी ऱ्हा नि तिथनंच बापाला सांग. त्याला मी आदीच सांगितलंय, तो काय बोलनार नाय.

कणगी तळाला गेली, चिमाच्या घरचा जुना तांदूळ बोलून ठेवलाय. पुढची भाकरी कदीची हाय ते लवकर लिव, बाया रोज विचारतात. फोन करू नको, ऐकू येत नाय.

आत्या