काकवीचा वास

निपाणी, १६ फेब्रुवारी १९८४

बाळी आज सहा दिवसांची. जन्मजात दोषाच्या रक्ततपासणीला तिला दवाखान्यात नेलं. गोवराची साथ आहे, नर्सबाईंनी फाटकातच अडवलं. "तान्हं बाळ आत आणू नका हो. साथ गेल्यावर या."

परत फिरलो होतो. मग कसं कोण जाणे, बाईंशी बोललो. पहिला मुलगा बाराव्या दिवशी गेला, त्याच्या लंगोटांना काकवीचा वास यायचा. गुऱ्हाळं चालू होती, वास तिकडचाच वाटला. थोरली बहीण आक्का तर म्हणायची, "गोड पोरगं हाय रं!" तेव्हा मी कुणाला विचारलं का नाही?

बाई सुई-कागद घेऊन आल्या. फाटकाबाहेरच त्यांनी बाळीच्या टाचेला सुई टोचली, थेंब जाड कागदावर घेतले. कागद बेंगळूरला जाणार. "लघवीला असा वास येणं हा रक्तातला दोष, पाठच्या भावंडातही येतो. वास आला तर साथ बघू नका, तडक या."

संध्याकाळी आक्का काकवीचा तांब्या घेऊन आली. मी तो शेजारी देऊन आलो.

"का रं, तुला आवडती की!"

"घरात नको. हिच्या लंगोटाला तसा वास आला तर कळायला पाहिजे."

आक्कानं लंगोट उचलून नाकाशी धरला. "नुसता मुताचाच हाय रं," म्हणाली, पण लंगोट खाली ठेवीना.