मालकाचं नाव

१६ नोव्हेंबर २०१४

सकाळी नागपूरच्या गाडीने भोपाळला उतरलो. रिक्षाने मुलगी नोकरीला होती त्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आलो. क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गॅलरी. गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं आणि पेरूच्या झाडाची फांदी हाताला लागेल इतकी जवळ येते. रस्ते रुंद, झाडं जुनी, गडबड नाही. मुलगी ही जागा सोडून नागपूरला यायला का तयार नसायची ते आज कळलं. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच वाईट वाटलं.

तिला जाऊन महिना झाला. डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. क्वार्टर रिकामं करायला वर्षअखेरपर्यंत मुदत आहे. तिच्या आईला, शारदाला, इथे यायला धीर झाला नाही. सामान बांधायला मी एकटाच आलो.

दारावर पितळी पाटी आहे. तिचं नाव, मग माझं, मग वैरागडे. तिचं नाव लिहायला गेलो की हात थांबतो. या वहीत 'ती' एवढंच लिहीन. दुसरं कोण असणार.

खालच्या मजल्यावरच्या प्रतिभाताई पोहे आणि चहा घेऊन आल्या. त्यांचे यजमान तिच्याच विभागात आहेत. ती दर शनिवारी त्यांच्याकडे जेवायची आणि जेवणाला नावं ठेवायची म्हणे. "काका, माझ्या सासूबाईंनी इतक्या वर्षांत तोंडावर बोलून दाखवलं नाही, ते तुमच्या लेकीने पहिल्याच शनिवारी सांगितलं. वहिनी, तुमचं वरण म्हणजे नळाचं पाणी." आम्ही दोघंही हसलो. सांगताना त्या तिचाच आवाज काढत होत्या. हुबेहूब.

संध्याकाळी नळाला पाणी येतं, तेवढ्यात बादली भरून घ्या, असं त्यांनी बजावलं. भरून घेतली.

१९ नोव्हेंबर

कपड्यांचं कपाट आवरलं. साड्या प्रतिभाताईंना द्यायच्या की नागपूरला न्यायच्या ते शारदाला विचारायचं आहे. टेबलावर तिचा लॅपटॉप आहे. चार्जर लावून बटण दाबलं. काही नाही. ती दवाखान्यात असतानाच बंद पडला असावा.

एक गोष्ट लिहून ठेवतो. तापात असताना ती मला म्हणाली होती, "बाबा, माझा लॅपटॉप कुणाला उघडू देऊ नका." मी हो म्हटलं. तापातलं बोलणं म्हणून सोडून दिलं. मग दहाव्याला नागपूरला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. झाडावर होते, पण खाली येत नव्हते. शारदाने हात जोडून काय काय कबूल केलं. माझ्या बहिणीने केलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेव्हा मी पुढे झालो आणि मनातल्या मनात म्हटलं, तुझ्या लॅपटॉपला मी हात लावणार नाही. मान वर केली तर कावळा पिंडावर होता.

हे कुणाला सांगितलेलं नाही. शारदालाही नाही.

पण भिंतीवर लावायला तिचा एकही अलीकडचा फोटो घरात नाही. जे आहेत ते सगळे त्यात. फोटोपुरतं उघडलं तर काय होणार आहे. शारदालाही तेवढंच हवं आहे.

२१ नोव्हेंबर

एमपी नगरला एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार साधारण माझ्या वयाचा, तोंडात पान. लॅपटॉप पार गेला आहे, पण आतली डिस्क चांगली आहे म्हणाला. ती काढून त्याने एका डबीत बसवली आणि वायरने मी सोबत नेलेल्या कॉम्प्युटरला जोडली. हा छोटा कॉम्प्युटर मी निवृत्त झालो तेव्हा तिनेच मला घेऊन दिला होता.

तिचे फोल्डर दिसले, पण उघडेनात. परवानगी नाही, असं येत होतं. दुकानदाराने मालकाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते दाखवलं. तिथे तिचं नाव नव्हतं, एक लांबलचक नंबर होता. ज्या मशीनला नाव माहीत होतं ते मशीन गेलं, आता नुसता नंबर उरला, असं त्याने समजावलं. त्या जागी माझं नाव टाकलं की फोल्डर माझे होतील आणि उघडतील. कुठे काय दाबायचं तेही सांगितलं. वर म्हणाला, "मालिक बदल दो, अंकल, खुल जाएगा. फ़ाइल को क्या पता, बाप है कि चोर."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. परत येताना रिक्षात मात्र ते वाक्य सोबत होतं.

२२ नोव्हेंबर

डिस्कवर तिचे चार फोल्डर आहेत. फोटो, गाणी, कागदपत्रं, बाबा.

शेवटचं नाव दोनदा वाचलं. मग ठरल्याप्रमाणे फक्त फोटोंचं मालकाचं नाव बदललं. पट्टी पुढे सरकत गेली आणि फोल्डर उघडला. गॅलरीत केस वाळवतानाचा एक फोटो फार चांगला आहे. मोठा करून घेतला, फ्रेम करून आणली, बाहेरच्या खोलीत लावली. फोनवर शारदाला सांगितलं. ती रडली, पण तिला बरं वाटलं असावं.

इथे आल्यापासून जेवणाआधी गॅलरीच्या कठड्यावर भाताचा घास ठेवतो. कावळे येऊन खातात. आज घास तसाच राहिला.

२५ नोव्हेंबर

प्रतिभाताईंनी फ्रेम बघितली. फोटो तिच्यासारखा वाटत नाही म्हणाल्या. मग ओशाळून म्हणाल्या की खरं तर तिचा चेहराच नीट आठवत नाही, असं कसं झालं कोण जाणे. त्या गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. साडी आहे, केस आहेत, पेरूची फांदी आहे. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं पांढरं. छपाई खराब असेल.

संध्याकाळी शारदाचा फोन आला. देवघरातल्या तिच्या लहानपणीच्या फोटोला बुरशी लागली आहे, नेमकी तोंडावर. मी हवेचा दोष सांगितला. मग कॉम्प्युटर उघडला. तिथे चेहरा स्वच्छ दिसत होता. हसरा.

आता तो फक्त माझ्याकडे आहे.

२७ नोव्हेंबर

थांबायला हवं होतं. पण मुलगी एवढं बजावून गेली म्हणजे आत काहीतरी असणार, हे डोक्यातून जात नाही. कुणीतरी असेल. ज्याच्याबद्दल मला सांगता आलं नाही असा कुणीतरी. मी कधी रागावणारा बाप नव्हतो, पण विचारणाराही नव्हतो.

'गाणी' माझ्या नावावर केलं. त्यात तसलं काही नाही. ती स्वतः गायलेली गाणी आहेत, मधेच थांबून पुन्हा सुरुवात केलेली. मागे कुकरची शिट्टी. एका ठिकाणी सूर चुकतो आणि ती एकटीच हसते. ती गाते हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्यावर संशय घेतला.

२८ नोव्हेंबर

जिन्यात प्रतिभाताई भेटल्या. वरणाची गोष्ट मीच काढली आणि तिचा आवाज काढून दाखवा म्हटलं. त्यांनी तोंड उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कसा होता हो काका तिचा आवाज?"

भात कठड्यावर वाळला आहे. कावळे फांदीवर बसतात, माझ्याकडे बघतात. शिवत नाहीत.

मला समजतं आहे. जे माझ्या नावावर करतो ते तिचं राहत नाही.

१ डिसेंबर

तरीही केलं. कारखान्याच्या ऑफिसने तिचे दाखले मागितले, कपाटात सापडले नाहीत, म्हणून 'कागदपत्रं' उघडलं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे अजून बघायचं होतं. जन्माचा दाखला, गुणपत्रिका, नेमणुकीचं पत्र. सगळं नीट लावून ठेवलेलं. लपवलेलं काही नाही.

दाखले छापून ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने कागद उलटसुलट केले. नावाच्या जागी फक्त माझं नाव आहे म्हणाला. रजिस्टर काढून दाखवलं. क्वार्टर सुधाकर वैरागडे यांचं. "आपका ही तो है, साहब. खाली किसको कराना है?"

परत आलो. दारावरची पितळी पाटी पाहिली. सुरुवातीची जागा गुळगुळीत आहे. पुढे माझं नाव, मग आडनाव. पुसल्याची खूण नाही. पाटी पहिल्यापासून माझीच असावी तशी.

२ डिसेंबर

सगळं परत करायचं ठरवलं. फोटोंच्या मालकाच्या रकान्यात माझं नाव खोडलं. तिचं टाकायचं म्हणून बोटं ठेवली आणि—

आठवेना.

सकाळपासून बसलो आहे. पाच अक्षरं होती की तीन. माझ्या आईने ठेवलं होतं की शारदाने. ही वही पहिल्या पानापासून वाचली. एकदाही लिहिलेलं नाही. सगळीकडे ती, ती, ती.

'बाबा'वर अजून तो लांब नंबर आहे. उतरवून घेतला, फोटोंच्या रकान्यात टाकून पाहिला. असा कोणी सापडत नाही, असं येतं.

४ डिसेंबर

शारदाला फोन केला. सगळं कबूल करणार होतो. घाटावरचा शब्द, सगळं. आपल्या मुलीचं नाव सांग, एवढंच आधी म्हटलं.

तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "अहो, आपल्याला कुठे मूलबाळ झालं?"

रागावली नाही. एकट्याने राहून असं होतं म्हणाली, आता परत या. काल बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली म्हणाली. भोपाळला थंडी असेल, स्वेटर घाला म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता.

शारदाचं दुःखसुद्धा मी काढून घेतलं.

६ डिसेंबर

प्रतिभाताईंनी दारातूनच विचारलं, नवीन आलात का, घरी कोण कोण असतं. मी एकटाच, म्हटलं. खोटं नव्हतं, म्हणून अधिक—

फ्रेममध्ये गॅलरी आहे. पेरूची फांदी आहे. कॉम्प्युटरवरही तेवढंच.

७ डिसेंबर

सकाळी उठून आधी ही वही वाचतो. वाचलं की कळतं मला मुलगी होती. दुपारपर्यंत टिकतं.

'बाबा' उघडायचा नाही. तेवढंच तिचं उरलं आहे. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कॉम्प्युटरवर चिकटवलं. उघडायचा नाही.

८ डिसेंबर

पण त्यात मी असणार. आणि मी असलो तर तिला हाक मारली असणार. कुठला बाप हाक मारत नाही. तिथे नाव असेल. एकदा ऐकलं की या वहीत लिहीन, दारावर लिहीन, हातावर—

उघडलं तर जाईल. नाही उघडलं तरी रोज जातंच आहे.

क्षमा कर. कुणाला म्हणतो आहे तेही—

९ डिसेंबर

केलं.

माझा आवाज. सगळ्या फायलींत माझाच. फोनवरचा. किती वर्षांचा. जेवलीस का. स्वेटर घाल. बादली भरून ठेवलीस का. बरं, ठेवतो. दर वेळी सुरुवातीला हॅलो, मग एका शब्दाएवढी शांतता— मग जेवलीस का.

सगळ्या ऐकल्या. प्रत्येकीत ती शांतता. आणि उत्तर कुणाचंच नाही.

हा माणूस कुणाला विचारतो आहे—

कुणीतरी एवढं जपून ठेवलं. माझं. एवढं कुणी कशाला—

१० डिसेंबर

गॅलरीत खूप कावळे आले. कठड्यावर कुणी ठेवलेला भात होता, खाऊन गेले. एक दाणा ठेवला नाही.

कॉम्प्युटरवर कागद चिकटवला आहे. उघडायचा नाही. अक्षर माझं. काय उघडायचं नाही ते—

काहीतरी केलं आहे मी. छातीवर बसून आहे. कुणाचं केलं ते आठवलं तर माफी तरी—

नळ वाजतो आहे. पाणी आलं. उठून बादली भरली. भरून झाल्यावर फोनजवळ जाऊन उभा राहिलो, भरली म्हणून सांगायला—