एका हातानं खेळायचा खेळ

प्रिय नवनाथ,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या खोलीच्या दाराखालून सरकवतेय. उद्या दहाला कंपनीत चौकशी आहे. 'माझ्याबरोबर काम करणाऱ्या कामराननं पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालू असताना स्वतःच हात घातला, माझा फोन गेटवर जमा होता', असं तू लिहून दिलंयस. तेच कायम राहिलं तर दोन बोटं गेलेल्या त्या माणसाची नोकरीही जाईल.

तुला हौस म्हणून मी गेमचा कन्सोल घेऊन दिला होता. मोशीच्या त्या खोलीत तुम्ही पाच जण, टीव्ही नाही, तो खोक्यातच राहिला. मी चिडले, तर म्हणालास, ताई, त्याच्यासमोर बसायला वेळ कुणाला आहे? फोन कसा, कंपनीच्या बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, कुठंही दोन मिनिटं काढता येतात. पटलं मला. इथं पुनावळ्यात दिवसभर एकटीच असते मी. फोनवरच्या लुडोत तुझी सोंगटी हलली की भाऊ जवळ आहे असं वाटायचं.

गेटवर बंद पडलेला जुना फोन जमा करायचा आणि खरा बुटात घालून आत न्यायचा, ही तुझी हुशारी ऐकून मी हसले होते. प्रेसची बटणं दोन्ही हातांनी दाबायची असतात. एकावर चिकटपट्टी लावून हात मोकळा ठेवतो, असं सांगितलंस, तेव्हा तरी तुला झापायला हवं होतं मी.

काल दवाखान्यात गेले होते. कामरानची बायको मंतशा चहा देत म्हणाली, नवनाथभाऊ म्हणतात म्हणजे चूक आमच्याच माणसाची असेल. कप तसाच खाली ठेवला मी. लाज वाटली रे.

अपघाताच्या कागदावर वेळ आहे मंगळवार, संध्याकाळचे पाच बारा. माझ्या फोनवर तुझी शेवटची चाल पाच बाराचीच आहे. म्हणजे एका हातानं चाल खेळत दुसऱ्यानं तू बटण दाबलंस, तेव्हा कामरानचा हात प्रेसमध्ये होता. आणि त्याआधी 'खेळ की लवकर, झोपलास काय?' असं तीनदा लिहून तुला डिवचणारी मीच. उद्या साडेनऊला मी गेटवर येतेय. तू खरं बोललास तर तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही बोललास, तर माझा फोन साहेबांच्या हातात देईन, माझ्या तीन ओळींसकट. मग जन्मभर तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल.

रागावलेली, तरी तुझीच,
वर्षालीताई