मुहूर्तावरची मोजणी

३ नोव्हेंबर २००१, शनिवार
आजपासून रोजनिशी. कायम झाल्यावर मागे वळून पाहायला बरी पडेल. आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख यादव साहेब यांनी नव्या सर्व्हरचं काम मला दिलं. सिन्नरच्या कारखान्यातून माल बाहेर पडतो तेव्हा लागणारा गेटपास आता त्यावरून निघणार. नीट चाललं तर डिसेंबरात कायम करायला माझं नाव वर पाठवतो म्हणाले. नाही चाललं तर काय, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

५ नोव्हेंबर
मोठा निर्णय. ऑप्टिमायझर कोणत्या मोडवर ठेवायचा? सर्व्हरने माहिती कोणत्या रस्त्याने शोधायची ते तो ठरवतो. जुना सर्व्हर 'रूल'वर होता. ठरलेला रस्ता, काही झालं तरी तोच. दुसरा मोड 'कॉस्ट'. त्यात प्रत्येक टेबलात, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, किती नोंदी आहेत ते आधी मोजून ठेवायचं, मग त्या मोजणीवरून तो स्वस्तातला रस्ता काढतो. मॅन्युअलची तीन प्रकरणं वाचली. पुढची सोपी असावीत.
साहेब म्हणाले, रूल काय वाईट आहे रे, गाड्या सुटतायत ना. मी नुसता हसलो. पिढीचा फरक.

७ नोव्हेंबर
'चूज' नावाचाही एक मोड आहे. त्यात डेटाबेस स्वतःच ठरवतो. असली धरसोड माझ्याकडून होणार नाही. कॉस्टच. जेवण गेलं नाही. जिच्या घरी राहतो त्या आशाताईने विचारलं, एखादी मुलगी बिलगी पाहिलीस का.

१० नोव्हेंबर
कॉस्टच. नक्की. (सकाळी रूल ठरवला होता. तो धरायचा नाही.)
स्टोअर्सचा सोमनाथ कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, डिप्लोमा अर्धवट सोडलेला माणूस इंग्रजी मॅन्युअल घेऊन संडासात जातो. अतिशयोक्ती आहे. एकदाच गेलो होतो, तेही फक्त अनुक्रमणिका घेऊन.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
मालकांनी सर्व्हरला कुंकू लावलं, हार घातला. नारळ मी बाहेर फोडायला लावला. पाणी आत उडालं असतं. मोजणी मुहूर्तावरच व्हावी म्हणून कमांड आधीच टाइप करून ठेवली होती. स्पेलिंग दोनदा तपासलं. आरती संपली आणि एंटर दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजणी पूर्ण. साहेब म्हणाले, झालं पण? मी म्हणालो, झालं. यालाच वेग म्हणतात.
आता फक्त जुना माल, गिऱ्हाइकं, ऑर्डरी यांच्या नोंदी नव्या टेबलांत चढवायच्या राहिल्यात. भाऊबीजेनंतर करू. ते कारकुनी काम आहे.

१९ नोव्हेंबर
सगळं चढवलं. आज पहिला गेटपास निघाला. ठीकच वेळ लागला. तरी गेटवरचा भिका म्हणाला, साहेब, कागद गरम हाय अजून. ताईला शेजारी पेढे वाटायला सांगितलं. दाजी म्हणाले, कायम झाल्याचं पत्र तर हातात येऊ दे. ओझरच्या फॅक्टरीत इतकी वर्षं काढली की माणूस घाबरट होतो.

२३ नोव्हेंबर
जरा हळू. एका गेटपासला एक चहा पिऊन होतो. विजेचा दाब कमी असावा.

२७ नोव्हेंबर
नोंदी वाढतायत तसा सर्व्हर बसत चाललाय. गाड्यांची रांग गेटपासून रस्त्यापर्यंत. सोमनाथ म्हणाला, तुझ्या ऑप्टिमायझरला म्हणावं, रस्ता शोधू नको, विचार कुणाला तरी. एका ड्रायव्हरने गेटजवळच स्टोव्ह पेटवून भाकरी टाकली होती. मला म्हणाला, बसा, तुमचं पण काम व्हायचं नाय एवढ्यात. बसलो. भाकरी चांगली होती.
मॅन्युअलचं चौथं प्रकरण उघडलं. 'मोजणी वेळोवेळी पुन्हा करावी' असं मथळ्यातच आहे. बंद केलं. पूजेत झालेली मोजणी पुसून दुसरी केली, हे मालकांना कळलं तर काय वाटेल?

३० नोव्हेंबर
महिनाअखेर. मालक स्वतः गेटवर उभे. साहेबांनी पुण्याहून रोशनी मॅडमना बोलावलं. डेटाबेसचं त्यांना सगळं कळतं म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं, मोजणी केव्हा केली. मी अभिमानाने मुहूर्त सांगितला. तेव्हा टेबलांत काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगू लागलो की काहीच नव्हतं, अगदी कोरी होती. सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं, पण तोवर वाक्य संपलं होतं.
म्हणजे सर्व्हर अजून टेबलं रिकामीच समजतो. रिकामं टेबल अख्खं वाचायला कितीसा वेळ लागतो? म्हणून दर गेटपासला तो सगळ्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसला. त्याची चूक नाही. मी सांगितलं ते त्याने मानलं.
साहेब म्हणाले, रूलवर टाका. मॅडमनी एक ओळ बदलली. गाड्या हलल्या. मी विचारलं, मोजणी परत करू का. साहेब म्हणाले, तू आता काही मोजू नकोस.

३ डिसेंबर
नावं वर गेली. माझं नाही. साहेब मार्चपर्यंत ठेवतो म्हणाले, पुढचं पुढे. आमच्या इंदिरानगरात अजून लोक थांबवून अभिनंदन करतात. पेढे चांगले होते म्हणतात. मी थँक्यू म्हणतो.

१० डिसेंबर
बदली गेटवर. वीज गेली की गेटपास हाताने लिहायचे, हे स्वतंत्र काम माझ्याकडे आलं आहे. अक्षर आणि शुद्धलेखन पाहूनच दिलं असणार. भिकाने त्याचं स्टूल दिलं. पेन, कार्बन, पट्टी सगळं मांडून बसलो.
आज दिवसभर वीज गेली नाही.