एकपण गोल न्हाय

१२ जानेवारी
बंगळूरच्या गाडीत बसताना अक्षूनं ही वही हातात कोंबली. "आई, फोनवर वरडतीस ते हितं लिही." चौथी शिकलेल्या बाईला शंभर पानी वही. लिहिते. कोण बघायला येतंय.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले. डॉक्टर म्हणतो, खेळ. तिकडच्या क्लबनं परत घेतलंय. या हंगामात नीट धावली तर भारताच्या संघात पुन्हा बोलावतील. न्हाय तर संपलं. वय सव्वीस, फुटबॉलात म्हातारीच.

वाटेसाठी कडक भाकरीची चवड दिली, वाळवलेली, महिनाभर टिकती. नको नको म्हणत पिशवीत सगळ्यात वर ठेवली. नाटकी.

१९ जाने.
पहिला सामना. भाकरीच्या शेडातल्या आम्ही सगळ्या बाया चुली सोडून फोनभोवती. अक्षूला शेवटची वीस मिनिटं घेतली. पळली, पडली न्हाय. गोलही न्हाय.

लगेच मोहोळहून वन्संचा फोन. "किती गोल केले पोरीनं?"
"एकपण न्हाय."
"मग केलं काय वैनी?"
तोंडात मारल्यागत झालं.

अक्षूला लावला. "मधी मधी काय घुटमळतीस? पुढं जा, गोल मार."
"आई, मी मधली हाय. पुढचीला चेंडू देणं माझं काम."
"तिला हात न्हाईत का घ्यायला?"
"हात लावायचा नसतोय."
हसतीय वर.

३ फेब्रु.
तीन सामने झाले. गोल शून्य. वन्संचे फोन तीन.

आज थेट तिच्या कोच मॅडमला लावला. नंबर हे देत नव्हते, यांच्या फोनातनं काढला. बाई बंगळूरची, माझं माहेर अक्कलकोटकडलं, कानडीतच झापलं. माझी पोरगी पुढं उभी करा, मधी तिचं नाव होत न्हाय.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, तुम्ही काम काय करता?"
"भाकऱ्या. तीन चुली, तीन तवे, मी एकटी."
"एका वेळी तिन्हीकडं कसं बघता?"
"हातातलीकडं बघतच न्हाय. ती बघून झालेली असती. डोळा पुढच्या तव्यावर. हातातलीकडं बघत बसली ती बाई पुढची करपवती."
बाई म्हणाली, "तुमची मुलगी मैदानात हेच करते. चेंडू यायच्या आत तिचं बघून झालेलं असतं."

फोन ठेवला. परत तव्याकडं गेले.

४ फेब्रु.
अक्षूचा फोन. नुसता आरडाओरडा. "आई! कोचला फोन करतंय का कुणी? अख्खा संघ मला 'भाकरी' म्हणून हाक मारतोय!"
म्हटलं, कडक म्हणायला सांग.

१५ फेब्रु.
आज चेंडूकडं बघितलंच न्हाय. फक्त अक्षूकडं. चेंडू लांब असतानाच मान डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. चेंडू आला की एका ठोकरीत पुढचीकडं गेला.

ही मान वळखते मी. शाळेचं दप्तर घेऊन माझ्या चुलीपाशी बसायची. मी म्हणायची, पलीकडली बघ, जळती बघ, इकडं काय बघतीस. शिकवलं न्हाय कधी. वरडले फक्त.

शांतव्वा, माझ्या शेजारच्या चुलीवरची, म्हणती, "तुझी भाकरी करपली."
करपू दे.

१ मार्च
आज तिला एकीनं मागनं पाडलं. तोच गुडघा. मैदानात झोपली. मी फोन पालथा घातला. सिद्धेश्वर महाराज, एवढंच...

शांतव्वानं फोन उचलून बघितला. "उठली गं. पाडणारीलाच हात देऊन उठवतीय."
ही माझ्यावर गेली न्हाय.

९ मार्च
भारताच्या यादीत नाव आलं!! यांनी गल्लीत पेढे वाटले, एरवी चहा पण स्वतः घेऊन पीत न्हाईत. हातातलं पीठ तसंच ठेवून रडले. तव्याच्या वाफेनं, असं सांगितलं सगळ्यांना.

२२ मार्च
भारताचा सामना. टीव्ही आणून भाकरीच्या शेडात लावला. अक्षू पहिल्यापासून मैदानात. निळा शर्ट. शेवटची पाच मिनिटं उरली तरी दोन्हीकडं शून्य.

मग तिला चेंडू आला. तिकडं बघितलं पण न्हाय. चार जणींच्या मधनं सरळ काढला, पुढची एकटी पळत गेली आणि गोल!

टीव्हीवाला त्या गोलवालीलाच दाखवतोय. मी वरडले, "अरे मागं बघ, मागं!" जसं त्याला ऐकूच जाणार. तेवढ्यात ती गोलवाली वळली, सगळ्यांना सोडून माझ्या अक्षूकडं पळत आली, उचललंच तिला. आमच्या शेडात परात वाजवली बायांनी, एक तवा पडला.

जिंकलो.

वन्संचा फोन आलाच. "वैनी, गोल किती केले हो?"
"एकपण न्हाय," म्हटलं, आणि मीच ठेवला. असा गोड फोन जन्मात ठेवला नव्हता.

३० मार्च
अक्षू चार दिवसांसाठी घरी. आल्या आल्या शेडात माझ्या चुलीपाशी बसली. परदेशातल्या क्लबनं बोलावलंय. दोन वर्षं. थंडी लई, म्हणती. गुडघ्याला थंडी... शुक्रवारपर्यंत सांगायचंय. हे म्हणतात, तुझ्या आईला विचार. अक्षू म्हणती, "आई, तू बोल की. एरवी कोचला बोलतीस."

मी चुलीत लाकूड सारलं.

शांतव्वा परातीतलं पीठ घेऊन बसलेली. "काय गं, पोरीला घरी खायला मऊ करायची, का वाटेसाठी कडक वाळवायची?"
म्हटलं, आधी थाप तर.