कडी फिरवल्यावर

सोमवार, ११ नोव्हेंबर. आहुपे

पोचले एकदाची. घोडेगावहून निघालेली एसटी डिंभ्याच्या पाण्याच्या कडेने इतकी वळत आली की शेजारच्या बाईंची अंड्यांची पिशवी शेवटी माझ्याच मांडीवर होती. उतरले तर भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, आणि गाव संपलं की कडा. पुढे जमीनच नाही, खाली थेट कोकण.

मुक्काम सावळाराम आणि ठमाबाई यांच्या घरी. मुलगा गोकुळ चाकणला कंपनीत आहे, सून रत्ना इथे. पंचविशीची असेल, सारखी गुणगुणत असते. उद्यापासून ती मला देवराई दाखवणार. पुण्याच्या एका संस्थेला या राईवर पुस्तक काढायचं आहे, त्यात झाडांचे फोटो माझे. ठमाबाईंनी विचारलं, झाडांचे फोटू कशापायी, ती काय कुटं पळून जाणारेत का. जेवताना हे आठवून मी दोनदा हसले. नाचणीची भाकरी, वाटाण्याची आमटी. झोप मस्त लागणार.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

राई सुंदर आहे. इथलं वाळकं लाकूडही कोणी उचलत नाही, पडलेली खोडं जागच्या जागी माती होतात.

पण फोटो वाया. लेन्स माझ्या मावशीची, चांगली साठ वर्षांपूर्वीची. मधलं झाड लख्ख येतं आणि कडेचं रान भोवऱ्यासारखं फिरतं. हे काम मला या लेन्समुळेच मिळालं. आता दहिवराने पानं अशी चकाकतात की फोटोत नुसते पांढरे डाग. त्यावर उपाय म्हणजे पोलरायझर, लेन्सपुढे लावायची काळसर काच. तिची कडी फिरवली की पानांवरची चकाकी विझते. माझ्याकडचा आहे रुंद काठाचा. तो लावला की मावशीचा हूड, म्हणजे ऊन अडवणारी पुढची नळी, वर बसत नाही. हूड काढला की फांद्यांमधलं ऊन थेट काचेत शिरतं. एक लावावं तर दुसरं निघतं.

झऱ्यापाशी एक आजी बसल्या होत्या. हिरवं लुगडं, पाय अनवाणी. झाडांची नावं सांगत राहिल्या, मी लिहून घेतली. फार एकटं वाटतं म्हणाल्या. रत्नाचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने मंचर. तिथल्या फोटोवाल्याकडे या मापाचं काही नव्हतं, पण त्याने अवसरी बुद्रुकच्या भगवंतकाकांकडे पाठवलं. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन वर्षं झाली. पत्र्याचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढे ओतला आणि आम्ही ओट्यावर बसून एकेक फिल्टर लावून बघितला. एकाचे आटे बसेनात. एक बसला तर हूड अर्ध्यावर अडला. शेवटी एक पातळ काठाचा निघाला. लोण्यात फिरावा तसा फिरला, वरून हूड सरकला आणि टक् करून थांबला. तरी हूडमध्ये दडलेली कडी फिरवायची कशी? माझी परवानगी घेऊन काकांनी कानशीने हूडला खालून बोटापुरती खाच पाडली. लग्नातल्या चष्मेवाल्या पावण्यांसाठी वापरायचे म्हणे, काचेवरची चमक घालवायला. म्हणाले, ह्यो काय नवं दावत न्हाई ताई. वरवरचं दिसतं ते तेवढं काढून टाकतो.

परत येताना तान्ह्या मुलासारखी ती लेन्स मांडीवर घेऊन बसले होते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

फोटो काय आलेत! पान न् पान मऊ, गडद, आतून हिरवं.

फक्त एक गोष्ट. आजी आणि रत्ना झऱ्यावर बसल्या होत्या, म्हणून कॅमेरा तिकडे वळवला आणि खाचेतून कडी फिरवली. पाण्यावरची चकाकी गेली. पानांवरची गेली. आजीही गेल्या. कडी उलटी फिरवली तर परत तिथेच, माझ्याकडे बघत. मी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. जुनी काच आहे, तिच्यात काही दोष असणार. पण ज्या दगडावर त्या बसल्या होत्या तो दगड मात्र स्पष्ट दिसत होता. त्याच्यावरचं शेवाळसुद्धा.

शनिवार, १६ नोव्हेंबर

चुलीपाशी रत्नाला विचारलं, त्या आजी कुठल्या वाडीच्या? ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, मला कसं ठावं ताई, मला वाटलं तुमच्याबरोबर आल्यात. तुमची आत्या-बित्या.

मला वाटलं होतं त्या गावच्या.

ठमाबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि रत्नाला विचारलं, हात दिलास का तिला. रत्ना पिठाचा हात पदराला पुसत राहिली. ठमाबाईंनी उठून दार लावून घेतलं, भरदुपारी.

रविवार, १७ नोव्हेंबर

ठमाबाईंनी आज सांगितलं. त्यांची नणंद भागू झऱ्यावर अशीच कोणापाशी तरी बसायला लागली होती. घरात यायची, जेवायची, पण दिसायला कमी कमी होत गेली. आधी हात, मग तोंड. शेवटी नुसती हाक यायची, वैनी, मी हितंच हाय. ठमाबाई म्हणाल्या, आवाज लई दिवस येत व्हता. भागूच्या नवऱ्याने एकदा ओ दिली आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. मग तोही दिसेना, आणि भागूची हाक बंद झाली.

मी समजूतदारपणे मान हलवली. नंतर अंगणात ऊन होतं, रत्ना धुणं वाळत घालत होती. मी कॅमेरा आणला आणि कडी फिरवली.

दोरीवर लुगडं सरकत होतं. सरकवणारा उजवा हात मनगटापासून नव्हता.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आता कोपरापर्यंत. कॅमेऱ्याशिवायही तो हात धुरकट दिसतो, काचेवर वाफ धरावी तसा. सावळारामांनी गोकुळला फोन करून बोलावून घेतलं आहे, परवा येतो म्हणाला. मी रत्नाला म्हटलं, आत्ताच्या गाडीने माझ्याबरोबर मंचरला चल. नको म्हणाली. आजीला तिथे एकटीला करमत नसेल म्हणाली. गुणगुणणं बंद झालं आहे तिचं. हे बोलताना ती माझ्याकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती.

मीच तिला रोज राईत नेलं. माझ्या कामासाठी.

बुधवार, २० नोव्हेंबर

सकाळी रत्ना घरात नव्हती. कॅमेरा गळ्यात अडकवून धावत गेले. झऱ्यावर दोघी, हातात हात. रत्नाला ओढलं, ती दगडासारखी जड. खांद्यापर्यंत काही नव्हतं. आजी शांत बसलेल्या. मी म्हटलं, सोडा तिला, मी बसते तुमच्यापाशी. आणि माझा हात त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी रत्नाला लगेच सोडलं. इतकं लगेच, की जणू —

हात थंड नव्हता. तेच वाईट वाटलं. कोणाचाही असावा तसा ऊबदार हात. किती वेळ गेला कळलं नाही. रत्ना रडत मला हाका मारत होती, दोन्ही हात हलवत. दोन्ही होते.

मग आजी उठल्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला, कडी फिरवली. पानं विझली, पाणी विझलं. त्या विझल्या नाहीत. पायाखाली पाचोळा वाजवत घाटवाटेने खाली उतरून गेल्या, घरी जायला उशीर झालेल्या बाईसारख्या.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

गोकुळ आला. रत्ना ठीक आहे. त्याने तिला विचारलं, फोटोवाल्या ताई कुठे आहेत. मी त्याच्या समोर बसले होते. रत्ना मला शोधत इकडेतिकडे बघत राहिली, मग दिसले तिला, पण डोळे बारीक करावे लागले.

भगवंतकाकांची काच माझ्याच हातावर धरली. कडी फिरवायची गरज पडली नाही.

शुक्रवार

ताट दोनदा मागितलं. ठमाबाईंनी ओट्यावर ठेवलं आणि मागे न बघता आत गेल्या. जाताना रत्नाचा हात धरून तिलाही आत नेलं.

पावलं वाजत नाहीत माझी. कोंबड्या वाटेतून सरकत नाहीत.

—

हाक मारली. रत्ना उठली होती. ठमाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, ओ देऊ नको पोरी, तिनं तुला वाचीवलं, पन आता ओ देऊ नको.

बरोबर आहे त्यांचं. मीही तेच सांगितलं असतं.

पण फार एकटं वाटतं. हे आधी कळलं नव्हतं, किती —

—

रत्ना ओट्यावर आली. एकटीच. तिला वही दिसली, पेन हलताना दिसतंय. ती वाचतेय. रत्ना, आत जा. ठमाबाईंना हाक मार. जा.

जात नाही. रडतेय.

गुडघ्यावर बसली. तिने पानावर हात ठेवला, शब्द उमटतायत तिथेच, अगदी जवळ — आत जा — ऊबदार आहे गं — मी धरणार नाही, फक्त एकदा